लेन्सला बुरशी लागते ती कपाटात

मृगाच्या सरी पडू लागल्या, की पुणेकरांचे कॅमेरे बाहेर निघतात. पालखी सोहळा, सिंहगडावरचे धुके, ताम्हिणीतले धबधबे असे एकामागून एक निमित्त मिळत जाते. कॅमेरा भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीपासून छत्री धरणाऱ्या मित्रापर्यंत सगळी तयारी होते. घरी आल्यावर कॅमेरा पुसून बॅगेत आणि बॅग कपाटात जाते. दसऱ्याच्या सुमारास ती पुन्हा उघडली, की लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतात. ‘कॅमेरा तर एकदाही भिजला नव्हता,’ असे अनेकांचे म्हणणे असते आणि ते खरेही असते. लेन्सचे खरे नुकसान पावसात होत नाही, बंद कपाटात होते.

हे तंतू म्हणजे बुरशी. तिचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. लेन्स तयार होत असतानाच काही आत शिरतात, काही झूम पुढे-मागे करताना हवेबरोबर ओढले जातात. ते नुसते पडून असतील तर काही बिघडत नाही. ओलावा, अंधार आणि कोंडलेली हवा एकत्र आली, की ते रुजतात. सापेक्ष आर्द्रता साधारण ६० ते ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहणे त्यांना पुरते. काचेवर खायला काय मिळते, असा प्रश्न पडेल. बोटांचा तेलकट ठसा, धुळीचे कण, आतले वंगण एवढ्यावर तिचे भागते. वाढताना ती आम्ले सोडते. ही आम्ले लेन्सवरील अतिशय पातळ लेपन आणि नंतर काचही कोरतात. बुरशी पुसता येते, पण काचेवर उठलेला व्रण पुसता येत नाही. अशा लेन्समधून काढलेले छायाचित्र धुरकट दिसते आणि उजेडाकडे तोंड केले, की सगळे फिकट पडते.

शिवाजीनगरच्या ‘सिमला ऑफिस’मुळे हवामानखात्याशी पुण्याचे जुने नाते आहे. जुलै-ऑगस्टमध्ये शहरातील सकाळची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे शहरात वर्षभरात सरासरी ७२० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडत असला, तरी बुरशीला लागणारी हवा इथे सलग तीन-चार महिने मिळते. भिंतीला टेकलेले लाकडी कपाट, त्यात चामड्याची किंवा जाड कापडाची बॅग आणि बॅगेत ट्रेकवरून आलेला ओला पट्टा ही तर तिच्यासाठी नर्सरीच.

ही अडचण नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात उष्ण कटिबंधात लढणाऱ्या सैन्यांच्या दुर्बिणींना आणि कॅमेऱ्यांना बुरशीने ग्रासले होते. आपल्या लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातही चित्रफिती तापमान आणि आर्द्रता नियंत्रित असलेल्या दालनांत ठेवाव्या लागतात. फिल्मवरचे जिलेटिन हे तर बुरशीचे आवडते खाद्य. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्म नसली, तरी काच तीच आणि हवाही तीच.

उपाय महागडा नाही. नवी लेन्स घेण्याआधी घट्ट झाकणाचा, कडेला रबर असलेला प्लास्टिकचा डबा घ्यावा. स्वयंपाकघरातला मोठा हवाबंद डबाही चालतो. त्यात सिलिका जेल आणि काही शे रुपयांत मिळणारा छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवावा. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे. तो फार खाली नेण्याचा अट्टहास नको. अति कोरड्या हवेत रबर आणि वंगण लवकर खराब होऊ शकते. उपकरणे बरीच असतील, तर विजेवर चालणारे कोरडे कपाट सोयीचे.

सिलिका जेल दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या पाव ते एक तृतीयांश इतके पाणी शोषते आणि मग थकते. निळे दाणे गुलाबी झाले, की त्यांचे काम संपले असे समजावे. इथे आरोग्याचा मुद्दा येतो. निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि श्वासावाटे गेल्यास कर्करोगकारक ठरू शकणारे संयुग म्हणून युरोपीय महासंघाने त्याचे वर्गीकरण केले आहे. म्हणून कोबाल्ट नसलेले नारिंगी दाणे निवडावेत. ते मुलांच्या हाती लागू देऊ नयेत आणि वाळवताना पाकिटावरील सूचना पाळाव्यात. निळे दाणे अन्न शिजवण्याच्या ओव्हनमध्ये तापवू नयेत.

घरगुती उपायांपैकी दोन टाळावेत. डांबराच्या गोळ्या कीटक पळवतात, ओलावा शोषत नाहीत. उलट त्यांची वाफ काचेवर थर धरू शकते. तांदूळही फारसे पाणी ओढत नाहीत, त्यांची पूड मात्र फटींत जाते. कॅमेरा भिजलाच, तर तो सुरू करून पाहू नका. बॅटरी आणि कार्ड काढा, कोरड्या कापडाने टिपा आणि जाणकाराकडे न्या. ओल्या सर्किटमधून वीज वाहिली, की धातू झपाट्याने गंजतो.

एसीचाही विचार करायला हवा. बाहेर २७ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू साधारण २४ अंशांवर असतो. गाडीच्या एसीत २२ अंशांपर्यंत थंड झालेला कॅमेरा अशा हवेत काढला, की फ्रिजमधल्या बाटलीसारखे त्यावर पाणी जमते. तो बंद बॅगेतच २०-३० मिनिटे राहू द्यावा, मग बाहेर काढावा.

गणेशोत्सवात शत्रू बदलतो. मिरवणुकीतला गुलाल इतका बारीक असतो, की कापडाने पुसला तर काचेवर घासला जातो आणि कडांतून आत शिरतो. आधी हातपंपाने फुंकर द्यावी, मग मऊ ब्रश आणि शेवटी कापड. तोंडाने फुंकू नये. थुंकीचे थेंब म्हणजे बुरशीला आणखी एक घास. गर्दीत लेन्स बदलणे तर टाळावेच.

जुनी लेन्स विकत घेताना दोन्ही टोपणे काढून एका बाजूने टॉर्चचा तिरका प्रकाश सोडावा आणि दुसऱ्या बाजूने पाहावे. धुळीचे चार कण चालतील. जाळे किंवा ढगासारखा डाग दिसला, तर किंमत कितीही कमी असो, नाही म्हणावे. ‘वेदर सील्ड’ या शब्दांवरही फार विसंबू नये. या शब्दांमागे एकच ठरलेले प्रमाण नसते. आयपी हा आकडा मात्र चाचणीवर आधारलेला असतो. शिवाय सील शिंतोडे अडवते, कपाटातली दमट हवा नाही.

घरच्या लेन्सचीही हीच तपासणी महिन्यातून एकदा करावी. बुरशी सुरुवातीलाच दिसली, तर जाणकार तंत्रज्ञ ती बहुधा साफ करू शकतो. तोपर्यंत ती लेन्स इतरांपासून वेगळी, कोरड्या डब्यात ठेवावी. उन्हात ठेवल्याने बुरशीची वाढ थांबली, तरी डाग जात नाही आणि काचेतून एकवटलेले ऊन आतले भाग जाळू शकते.

आणखी एक उपाय फुकटचा आहे. कॅमेरा वापरत राहा. आठवड्यातून एकदा तो बाहेर काढून चार फोटो काढले, की काचेला उजेड आणि हवा मिळते आणि डब्यातला आकडाही नजरेखालून जातो.