हाताचं बीपी नॉर्मल, मग दम का लागतो?

येवल्यातल्या आमच्या वस्तीतली एक ताई हापशावरून हंडा आणताना तीनदा थांबायची. दवाखान्यात बीपी मोजलं तर १२०-८०. अशक्तपणा म्हणून वर्षभर टॉनिक आणि रक्तवाढीच्या गोळ्या चालल्या. पुढे पाय सुजले, एकदा चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठे टूडी इको झाला. प्रेशर होतंच, पण फुप्फुसात.

वॉर्डात आम्हीही दंडाला पट्टा बांधून बीपी लिहायचो आणि तेच सगळ्या शरीराचं समजायचो. तसं नसतं. हृदयाची डावी बाजू अंगभर रक्त पाठवते, तिचा दाब दंडावर कळतो. उजवी बाजू फक्त फुप्फुसाकडे रक्त ढकलते. तिथला सरासरी दाब निरोगी माणसात १४ मिलिमीटरच्या आसपास असतो. स्वस्थ पडलेल्या माणसात तो २० च्या वर गेला, की त्याला पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात. आधी ही रेघ २५ वर होती. २१ ते २४ वाल्यांनाही धोका दिसल्यामुळे २०१८ च्या जागतिक परिषदेत ती खाली आणली.

टूडी इको सोनोग्राफीसारखाच, सुई नाही, दुखणं नाही. पण तो अंदाज देतो. खात्रीसाठी मानेच्या किंवा मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयातून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीपर्यंत नेऊन दाब मोजतात. सगळ्यांनाच ती लागत नाही. 'हृदयात नळी' म्हटलं की घरचे घाबरतात. १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान या डॉक्टरने ती स्वतःच्याच हातातून हृदयापर्यंत घातली आणि तसाच चालत एक्सरे काढायला गेला! १९५६ चं नोबेल त्यात त्याला मिळालं.

आकडा कळला म्हणजे काम झालं नाही. 'कशामुळे?' हे डॉक्टरांना विचाराच. डाव्या बाजूचा हृदयविकार, चुलीच्या धुराने किंवा जुन्या टीबीने खराब झालेलं फुप्फुस, अडकलेल्या गुठळ्या, सिकलसेल (विदर्भातल्या आपल्या नातलगांत तो बराच आहे) अशी कारणं असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. गरोदरपणी हा आजार जिवावर बेततो, म्हणून दम लागणाऱ्या सुनेला दिवस जाण्याआधीच तपासून घ्या. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी भेटा, रेशनकार्ड सोबत ठेवा.

ताईच्या हृदयाची झडप आवळलेली निघाली. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, तो अंगावर काढलेला.