मोटार कोणाची?

समजा, एका गृहस्थानें आपली जुनी मोटार तीन लाख रुपयांस विकली. एक लाख रोख मिळाले. बाकीची रक्कम चार महिन्यांत द्यावयाची ठरली, आणि विश्वासावर गाडी हवालीं केली. महिन्याभरांतच घेणाऱ्यानें ती तिसऱ्या इसमास विकली व बाकी बुडविली. मूळ मालक म्हणतो, "पैसे पुरे फिटले नाहींत, गाडी माझीच." तिसरा म्हणतो, "मीं तर पुरी किंमत मोजली आहे." दोघेही प्रामाणिक, नुकसान मात्र एकाच्याच पदरीं येणार.

पैसे फिटेपर्यंत मालकी आपलीच, ही सर्वसाधारण समजूत कायद्यास मान्य नाहीं. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याप्रमाणें, तयार असलेल्या विशिष्ट वस्तूचा बिनशर्त सौदा होतांच मालकी घेणाऱ्याकडे जाते. किंमत मागाहून द्यावयाची असली, तरी त्यानें फरक पडत नाहीं. मात्र उभयतांचा हेतु निराळा दिसतां कामा नये. एकदां गाडी हातची गेली, कीं किंमतीसाठीं ती अडवून धरण्याचा हक्कही संपतो. उरतो तो केवळ पैशांचा दावा.

मग 'पूर्ण पैसे मिळेपर्यंत मालकी माझी' असें करारांत लिहून घेतलें तर? त्या दोघांपुरतें तें लागू पडतें. परंतु याच कायद्याचें ३० वें कलम तिसऱ्याचाही विचार करतें. ज्यानें वस्तु विकत घेतली, किंवा घेण्याचें कबूल केलें, त्याच्या ताब्यांत ती विकणाऱ्याच्या संमतीनें आली असेल, आणि त्यानें ती सद्भावी व अनभिज्ञ माणसास विकली असेल, तर त्या माणसाचा हक्क टिकतो.

'घेण्याचें कबूल केलें' या शब्दांचें मर्म इंग्लंडांतील दोन निकालांवरून कळतें. १८९३ सालच्या खटल्यांत हप्त्यांनीं घरसामान नेणारी बाई खरेदीस बांधलेली होती; म्हणून तिच्यापासून घेणारा जिंकला. १८९५ सालीं लॉर्ड्स सभेपुढें एका पियानोचा वाद आला. तेथें नेणाऱ्यास तो केव्हांही परत करण्याची मुभा होती, खरेदीचें बंधन नव्हतें. त्यामुळें पियानो गहाण ठेवून घेणारा सावकार हरला. भाडे-खरेदीच्या पद्धतीचा पाया हाच.

मोटारीस आणखी एक संरक्षण आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५१ व्या कलमाप्रमाणें कर्ज देणाऱ्या संस्थेचें नांव नोंदणीपत्रांत चढतें, आणि तिच्या लेखी संमतीवांचून गाडी दुसऱ्याच्या नांवें होत नाहीं. उलट, नुसतें नांव नोंदणींत असणें हा मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. तथापि तें राहूं देणें धोक्याचें आहे: गाडी विकूनही नोंद न बदलल्यास अपघाताची भरपाई नोंदलेल्या मालकावर पडूं शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला.

म्हणून घेणाऱ्यानें पैसे मोजण्यापूर्वीं नोंदणीपत्र पाहावें व कर्ज फिटल्याचा दाखला मागावा. विकणाऱ्यानें शक्य तों पूर्ण रक्कम हातीं आल्यावरच किल्ली द्यावी, आणि राज्यांतल्या राज्यांत विक्री असल्यास चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावें. विश्वास मोठा खरा. पण कागदावांचून तो न्यायालयांत उभा राहत नाहीं.