वकीलपत्र नाकारल्याने न्याय मिळतो का? वाराणसी स्फोट खटल्याचा धडा

7 मार्च 2006 रोजी सायंकाळी वाराणसीतील संकटमोचन मंदिर आणि कॅन्टोन्मेंट रेल्वे स्थानक बॉम्बस्फोटांनी हादरले. मंगळवार असल्याने मंदिरात हनुमानभक्तांची मोठी गर्दी होती. या स्फोटांत किमान 18 जणांचा बळी गेला. पुढील महिन्यात वलीउल्लाह याला अटक झाली. मात्र वाराणसीतील वकिलांनी त्याचे वकीलपत्र घेण्यास नकार दिला. परिणामी अलाहाबाद उच्च न्यायालयाने हा खटला गाझियाबादला वर्ग केला. तेथील न्यायालयाने जून 2022 मध्ये दोन प्रकरणांत त्याला दोषी ठरवून फाशी व जन्मठेपेची शिक्षा सुनावली, तर तिसऱ्या प्रकरणात पुराव्याअभावी निर्दोष सोडले.

निकालास 16 वर्षे लागली. या विलंबाचे सारे खापर वकिलांच्या नकारावर फोडता येणार नाही; परंतु खटला आपल्या शहरातून शेकडो किलोमीटर दूर गेल्याची झळ पीडितांनाही बसते, हे स्पष्ट आहे.

घृणास्पद गुन्ह्यानंतर वकिलांचा संताप समजण्याजोगा असतो. तथापि बचावाचा वकील गुन्ह्याचे समर्थन करीत नाही, तो पुराव्याची पारख करतो. साक्षीदाराची उलटतपासणी झाली नाही, तर खरी साक्ष आणि पढवलेली साक्ष यांत फरक करण्याचे साधनच न्यायालयाच्या हाती उरत नाही.

दिल्लीतील एका खटल्यात याचाच प्रत्यय आला. 30 डिसेंबर 1997 रोजी बसमध्ये झालेल्या स्फोटात चौघांचा मृत्यू झाला. मोहम्मद हुसेन ऊर्फ जुल्फिकार अली या आरोपीला 2004 मध्ये फाशीची शिक्षा झाली आणि उच्च न्यायालयाने ती कायम केली. प्रत्यक्षात बहुतांश साक्षीदारांच्या साक्षी आरोपीला वकील नसतानाच नोंदविल्या गेल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली आणि 31 ऑगस्ट 2012 रोजी खटला नव्याने चालविण्याचा आदेश दिला. जानेवारी 2013 मध्ये, म्हणजे स्फोटाला 15 वर्षे उलटल्यावर, आरोपी निर्दोष सुटला. चार मृतांच्या कुटुंबीयांच्या हाती मात्र काहीच लागले नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण मुंबईचे आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यातील आरोपी अजमल कसाब याचे वकीलपत्र घेण्यासही प्रारंभी विरोध झाला. तरीही न्यायालयाने त्याला सरकारी खर्चाने वकील दिला आणि साक्षीदारांची रीतसर उलटतपासणी झाली. म्हणूनच 29 ऑगस्ट 2012 रोजी, दिल्ली प्रकरणातील आदेशाच्या अवघे दोन दिवस आधी, त्याची फाशी सर्वोच्च न्यायालयात कायम राहिली. अटकेतील व्यक्तीला प्रथम हजर करतानाच वकिलाच्या हक्काची माहिती दंडाधिकाऱ्यांनी द्यावी, असे निर्देशही त्याच निकालात आहेत.

कायदा याबाबत नि:संदिग्ध आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद 22 अटकेतील व्यक्तीला पसंतीच्या वकिलाचा हक्क देतो, तर अनुच्छेद 39अ मोफत विधी साहाय्याची जबाबदारी राज्यावर टाकतो. आरोपींचा बचाव न करण्याचे वकील संघांचे ठराव घटनाबाह्य व निरर्थक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2010 मध्ये जाहीर केले. विशेष म्हणजे त्या प्रकरणात कोईम्बतूरच्या वकिलांनी ज्यांच्याविरुद्ध ठराव केला होता, ते आरोपी पोलीस होते. अशा बहिष्काराची पाळी कोणावरही येऊ शकते, हेच यातून दिसते.

वकील परवडत नसलेल्या आरोपींसाठी आता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांमार्फत पूर्णवेळ बचाव वकिलांची योजना राबविली जाते. महाराष्ट्रात ती लोकअभिरक्षक कार्यालय या नावाने ओळखली जाते. तिचे यश नेमणुकांच्या संख्येवर नव्हे, तर उलटतपासणीच्या दर्जावर ठरेल. कारण वकिलाविना झालेली शिक्षा निरपराध्याचा बळी घेऊ शकते आणि खऱ्या गुन्हेगाराला मोकळे सोडू शकते.