टचपॅड दाबलं जाईना

लॅपटॉपची बॅटरी फुगायला लागली की पहिली तक्रार बॅटरीबद्दल येतच नाही. ‘माऊसचं बटण अडकतंय’ अशी येते. पेठच्या बाजारात मोबाईल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या तरुणाशेजारी बसलो होतो, तेव्हा जवळच्या एका आश्रमशाळेतले सर नेमकं हेच सांगत आले. टचपॅड बदलून द्या म्हणाले. त्याने टचपॅडकडे पाहिलंही नाही. लॅपटॉप बंद केला, काउंटरच्या काचेवर ठेवला आणि एका कोपऱ्यावर बोट टेकवलं. तिरपा समोरचा कोपरा उचलला गेला. मग डोळे काचेच्या पातळीला आणून त्याने खालच्या झाकणाची कड न्याहाळली. मधोमध फट पडली होती, नख सहज जाईल एवढी.

“सर, टचपॅडला काही झालेलं नाही. खालून बॅटरी ढकलतेय त्याला.”

पातळ लॅपटॉपात आपण तळहात टेकतो त्याच्या खालीच बॅटरी बसवलेली असते. म्हणून पहिल्यांदा टचपॅड घट्ट होतं, मग स्पेसबारच्या आसपासचा कीबोर्ड उचलला जातो आणि शेवटी झाकण नीट मिटेनासं होतं. जुन्या जाडजूड लॅपटॉपांत १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे पोलादी नळकांड्यांचे सेल असायचे. ते असे फुगत नसत. लॅपटॉप सडपातळ करायच्या नादात ॲल्युमिनियमच्या पातळ पदराची पाकिटं आली, आणि आत वायू धरला की पाकीट वर येऊ लागलं. माझ्या मते हे एका परीने बरंच झालं, दुखणं निदान डोळ्यांना दिसतं.

वायू बाहेरून शिरत नाही, आतच तयार होतो. सेलमधला ज्वलनशील द्रव हळूहळू विघटित होतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, इथिलीन असे वायू सुटतात. वयानुसार हे थोडंफार प्रत्येक बॅटरीत चालतं. बॅटरी कायम शंभर टक्के भरलेली आणि गरम ठेवली की त्याला वेग येतो.

“चार्जर कधी काढता का?” तरुणाने विचारलं.

“काढून कसं चालेल? पावसाळ्यात लाईट कधी जाईल, याचा काही भरवसा आहे का?”

सरांचं म्हणणं खोटं नव्हतं. पेठसारख्या पावसाच्या तालुक्यात माणूस लाईट आहे तोवर चार्ज करून घेतो, आणि मग पिन तशीच राहते. त्यात रात्री गोधडीवर लॅपटॉप ठेवून काम, म्हणजे हवेच्या जाळ्याही बंद.

उघडण्याचं काम त्याने फार सावकाश केलं. चार्जर आधीच बाजूला ठेवला होता. स्क्रू कमी-जास्त लांबीचे असतात, म्हणून ते कागदावर ज्या त्या जागी मांडले. झाकणाच्या कडेने जुनं प्लास्टिकचं कार्ड फिरवलं. दोनतीन खटके सुटले आणि उरलेलं झाकण आपोआपच वर आलं. आत तीन काळी पाकिटं होती. दोन जेमतेम जाड झालेली, मधलं मात्र पुरीसारखं टम्म. लेबलावर ११.४ व्होल्ट, ४२ वॉट-अवर. हिशेब केला तर पूर्ण भरलेल्या अशा बॅटरीतली ऊर्जा साधारण अर्धा लिटर पाणी उकळीला आणेल. त्याने सगळ्यात आधी मदरबोर्डवरचा बॅटरीचा कनेक्टर नखाने सोडवला, मग बॅटरीचे स्क्रू काढले. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पाकिटाकडे वळू दिलं नाही. चिकटपट्टीने धरलेला भाग प्लास्टिकच्या पट्टीने, न वाकवता सोडवला.

“सुईने टोचून हवा काढली तर?” शेजारच्या दुकानातून बघायला आलेल्या एकाने सुचवलं.

“काका, तेवढं नका करू.”

हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि याच्याइतका वाईट सल्ला नाही. टोचलं की आतले थर एकमेकांना भिडून शॉर्ट होतात आणि क्षणात पेट घेऊ शकतात. शिवाय आतल्या लिथियमच्या क्षाराचा दमट हवेशी संबंध आला की हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू तयार होतो. वजन ठेवून दाबणं, चार्ज संपवायला म्हणून लॅपटॉप चालू ठेवणं, हेही नको. बॅटरी गरम लागली, गोडसर उग्र वास आला किंवा सूं आवाज आला तर उघडत बसू नये. भिंतीवरचं बटण बंद करावं आणि माणसांनी लांब व्हावं. पेटलीच तर, मेन बंद असताना, लांबून भरपूर पाणी ओतून ती थंड करावी लागते. ज्वाळा विझल्या तरी आतली उष्णता तिला पुन्हा पेटवते.

काढणं अर्ध्या तासात झालं. पुढचा प्रश्न अवघड होता: ही द्यायची कुणाला? इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी भंगारवाला पैसे देऊन नेतो. ही फुकटही नको असते. कायदाही उशिरा जागा झाला. २००१ चे नियम फक्त शिशाच्या बॅटऱ्यांपुरते होते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी लिथियमसकट सगळ्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. घंटागाडीत टाकली तर कचरा दाबताना पेटायची भीती, आणि पोस्टाने किंवा कुरिअरने पाठवायची वस्तूच नाही. म्हणजे पेठकराला पन्नासेक किलोमीटरवरचं नाशिक गाठणं आलं. तरुणाने कनेक्टरला चिकटपट्टी लावली, पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून बॅटरी आत ठेवली आणि झाकण घट्ट न लावता नुसतं टेकवलं. डबा मागच्या पडवीत, लाकूड-कागदापासून लांब. सर्व्हिस सेंटरला आधी फोन करून फुगलेली घेतात का ते विचारा, आणि गर्दीच्या एसटीत नेऊ नका, असं त्याने सरांना बजावलं.

नवी बॅटरी मागवताना त्याने जुन्या लेबलावरचा पार्ट नंबर फोटोत घेतला. स्वस्त कॉपीचा आग्रह सरांनी एकदा धरला, पण त्याने तो उडवून लावला. नवी बसवल्यावर सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवून देईन, म्हणाला.

“मग लाईट गेल्यावर कमी चालेल की!”

“थोडं कमी चालेल सर, पण जास्त वर्षं चालेल. शाळेत याच्याबरोबर घेतलेले अजून आहेत ना? ते फरशीवर ठेवून बघा.”

संध्याकाळी सरांचा फोन आला. अजून दोन डुगडुगत होते. चार्जर काढून दोन्ही बंद करा आणि मुलांच्या खोलीतून बाहेर हलवा, एवढं सांगून तरुणाने आणखी वाळू चाळायला घेतली.