चांदोली : सह्याद्रीतली सफारी

कुठे : सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरीच्या सीमेवर, वारणेच्या वसंतसागर जलाशयाभोवती. सांगलीकडून शिराळा-मणदूरमार्गे.

दर्जा : १९८५ अभयारण्य, २००४ राष्ट्रीय उद्यान. २०१० पासून कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात.

विस्तार : उद्यान सुमारे ३१८ चौ. किमी.

काय दिसेल : सेरेंगेटीसारखे हजारोंचे कळप नाहीत. झाडी दाट, गवताळ मोकळीक सड्यांवरच (खडकाळ पठारांवर). जांभ्यावरच्या पातळ मातीत गवत वाढते, तिथे गवे चरतात. गुडघ्याखाली पांढरे पाय ही त्यांची खूण. सांबर, भेकरही दिसतात. अस्वल, बिबट्या नशिबात असेल तर.

केव्हा : हिवाळा उत्तम, पावसाळ्यात सफारी बंद.

जोडीला : सागरेश्वर अभयारण्य (१०.८७ चौ. किमी). उजाड डोंगरावर माणसांनी वाढवलेले जंगल. चितळ, सांबर, काळवीट.