पेजमेकरची वहिवाट

कोल्हापुरात खासबाग मैदानाला वळसा घालून मिरजकर तिकटीकडे येऊ लागले, म्हणजे मंगळवार पेठेच्या एखाद्या बोळातून छपाईच्या शाईचा वास अजूनही अवचित येतो. तालीम मंडळांची वर्गणीची पावतीपुस्तके, फुटबॉल स्पर्धांची भित्तिपत्रके, लग्नपत्रिका, उत्तरकार्याची कार्डे आणि सहकारी दूध संस्थांचे वार्षिक अहवाल ज्या लहानशा दुकानांतून जुळवले जातात, त्यांपैकी एका दुकानात दोन संगणक शेजारी शेजारी मांडलेले आहेत. एक नवा, रोजच्या कामाचा. दुसरा पिवळट पडलेल्या पेटीचा, विंडोज एक्सपीवर चालणारा, आठवड्यातून फार तर दोनदा सुरू होणारा. तरीही खंडेनवमीच्या दिवशी हळदकुंकू आणि झेंडूचे फूल प्रथम या जुन्या यंत्राला वाहिले जाते. दुकानाचे मालक, ज्यांना सारी पेठ मामा म्हणून ओळखते, त्यामागचे कारण एका शब्दात सांगतात: त्यात पेजमेकर आहे.

आमच्या वाचनालयाची पंचवीस वर्षांपूर्वीची स्मरणिका पुन्हा छापावी, असा विचार निघाला म्हणून मी त्यांच्याकडे गेलो होतो. स्मरणिकेची छापील प्रत वाळवीने अर्धी खाल्लेली होती. मात्र तिची मूळ जुळवणी मामांनीच केलेली असल्यामुळे ती फाईल त्यांच्या संग्रही होती. यंत्र सुरू व्हायला लागणाऱ्या दीर्घ अवकाशात मामांनी जे सांगितले, आणि नंतर मी जे वाचले व पडताळले, त्याचा हा वृत्तांत आहे. एखादे सॉफ्टवेअर ‘बंद झाले’ म्हणजे नेमके काय होते, आणि ज्यांची रोजीरोटी व ज्यांचे कसब त्यावर उभे होते त्या माणसांना त्याचे एवढे दुःख का व्हावे, हे सामान्य वाचकापुढे यावे अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

पेजमेकर हा पुस्तकाचे वा वृत्तपत्राचे पान संगणकाच्या पडद्यावर जुळवण्याचा प्रोग्रॅम. अमेरिकेतील सिएटल येथे पॉल ब्रेनर्ड यांनी स्थापन केलेल्या आल्डस या कंपनीने तो १९८५ साली मॅकिंटॉश संगणकासाठी काढला. १९८७ मध्ये तो विंडोजवर आला. कंपनीचे नाव पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसमध्ये छापखाना घालणाऱ्या आल्डस मनुशियस या विद्वान मुद्रकावरून घेतलेले होते, ज्याने लहान आकाराचे, हाती धरून वाचता येण्याजोगे ग्रंथ छापले आणि तिरप्या वळणाचा टाईप प्रथम वापरात आणला. ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ हा शब्दप्रयोग ब्रेनर्ड यांचाच. त्याचे ‘डीटीपी’ हे संक्षिप्त रूप आपल्याकडे इतके रुळले, की तालुक्याच्या गावातही कोर्टाच्या आवाराबाहेर ‘डीटीपी व झेरॉक्स’ अशी पाटी दिसू लागली.

त्यापूर्वीचे मुद्रण खिळ्यांचे होते. जुळारी खणांच्या लाकडी केसपुढे उभा राहून एकेक शिशाचा खिळा उचलून हातातल्या स्टिकमध्ये लावी, आणि छपाई झाल्यावर तेच खिळे पुन्हा आपापल्या खणांत सोडी. मामांचे वडील असे जुळारी होते. मराठीला काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे यांचा एवढा पसारा, की इंग्रजी जुळाऱ्याला लागत त्याच्या कित्येक पट खण मराठी जुळाऱ्याला लागत, आणि ते सर्व न पाहता हाताला ठाऊक असावे लागत. नव्वदच्या दशकात संगणक आले तेव्हा हे कसब एका रात्रीत निरुपयोगी ठरले असे म्हणण्याचा प्रघात आहे; परंतु मामा म्हणतात की पेजमेकरने ते पूर्णपणे टाकून दिले नाही, आणि मला त्यांचे म्हणणे पटते. पेजमेकरच्या पडद्यावर पान मध्यभागी असते आणि त्याच्या चहूबाजूंनी मोकळे मेज पसरलेले असते. चित्र, मथळा, उरलेला मजकूर त्या मेजावर ठेवावा, हवा तेव्हा उचलून पानावर बसवावा, नको तर पुन्हा बाजूला सारावा. स्तंभात न मावलेला मजकूर शिल्लक असला, तर चौकटीच्या खालच्या कडेला तांबडा त्रिकोण उमटतो. तो त्रिकोण दिसला की पुढच्या स्तंभात मजकूर ओतायचा. ज्याने छापखान्याच्या मेजावर पान बांधलेले पाहिले होते, त्याला हे शिकवावे लागत नसे. पान जुळले की ते ट्रेसिंग पेपरवर काढायचे, त्यावरून ऑफसेटची प्लेट करायची, आणि पुढचे काम पूर्वीप्रमाणेच यंत्रावर.

१९९४ साली अडोबी आणि आल्डस या कंपन्या एकत्र झाल्या. १९९९ मध्ये अडोबीने इनडिझाइन हा नवा प्रोग्रॅम आणला, २००१ मध्ये पेजमेकरची सातवी आवृत्ती निघाली, आणि २००४ साली कंपनीने जाहीर केले की पेजमेकरचा पुढील विकास होणार नाही. जगभरच्या मोठ्या प्रकाशनसंस्था तोवर नव्या प्रोग्रॅमकडे वळू लागल्याच होत्या. मंगळवार पेठेत मात्र ही वार्ता पोहोचूनही कोणी जागचे हलले नाही. मोर्चा निघाला नाही, निवेदन दिले गेले नाही. एक्सपीचा संगणक बिघडला तर त्याच जातीचा दुसरा जुन्या बाजारातून आणायचा, एवढीच येथील प्रतिक्रिया होती, आणि ती वर्षानुवर्षे टिकली. या स्तब्धतेला आळस म्हणणे अन्यायाचे होईल, कारण तिच्यामागे एक निखळ तांत्रिक अडचण होती आणि ती मराठी लिपीशी निगडित होती.

त्या काळचे मराठी फाँट, मग ते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीचे असोत वा सी-डॅकच्या आयएसएमचे, संगणकाच्या २५६ घरांच्या मर्यादेत बसवलेले होते. ही घरे मुळात इंग्रजी अक्षरांची. त्यांत मराठी अक्षरांचे तुकडे, कुठे काना, कुठे अर्धा त, कुठे रफार, असे वसवलेले असत, आणि या वसाहतीची वाटणी प्रत्येक कंपनीची निराळी असे. डोळ्यांना ‘कोल्हापूर’ दिसे. संगणकाच्या दप्तरी मात्र त्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची एक निरर्थक ओळ नोंदलेली असे. फाँट हरवला की मराठी हरवली. जगातील सर्व लिप्यांना प्रत्येक अक्षरागणिक स्वतंत्र क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धत १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला सामावून घेत होती. परंतु पेजमेकरला युनिकोड कळत नसे, आणि नव्या इनडिझाइनला युनिकोड कळत असूनही देवनागरीची जोडाक्षरे व वेलांट्या नीट बसवता येत नसत. म्हणजे जुने सोडावे तर अक्षरे मोडतात, आणि न सोडावे तर काळ मोडतो, अशा कोंडीत मराठी मुद्रक कित्येक वर्षे उभा होता. ती कोंडी २०१२ च्या इनडिझाइन सीएस ६ या आवृत्तीने बरीचशी फोडली, कारण भारतीय लिप्यांची सोय तिच्यात उघडपणे आली. पण पेजमेकरच्या जुन्या फाईली उघडू शकणारी हीच अखेरची आवृत्ती होती. पलीकडे जाण्याचा पूल बांधून झाला आणि त्यानंतरच्या पहिल्याच आवृत्तीपासून तो पुन्हा उपलब्ध राहिला नाही. ज्याने त्या नेमक्या अवधीत आपले सारे दप्तर हलवले तो तरला. मामांनी हलवले नव्हते, कारण असा अवधी आहे हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते.

दुसऱ्या एका प्रोग्रॅमच्या वापरकर्त्यांनी मात्र मौन पत्करले नाही. फ्रीहँड हा चित्रकारांचा आवडता प्रोग्रॅम टेक्सासच्या अल्टसिसने बनवलेला आणि आरंभी आल्डसने विकलेला होता. १९९४ च्या विलीनीकरणाच्या वेळी अडोबीजवळ इलस्ट्रेटर हा त्याच जातीचा प्रोग्रॅम असल्यामुळे, एकाच हाती दोन्ही जाऊ नयेत म्हणून अमेरिकी शासनाच्या व्यापार आयोगाने फ्रीहँडचे हक्क मूळ कर्त्यांकडे परत करविले. ते पुढे मॅक्रोमीडियाकडे गेले. २००५ मध्ये अडोबीने मॅक्रोमीडियाच विकत घेतली. आणि २००७ साली फ्रीहँडचा विकास थांबला. तेव्हा त्याच्या वापरकर्त्यांनी ‘फ्री फ्रीहँड’ नावाची संस्था काढली आणि २०११ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात मक्तेदारीविरोधी कायद्याखाली फिर्याद गुदरली. २०१२ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले. फ्रीहँड काही परत आले नाही. रेषा ओढणाऱ्या माणसांनी आपल्या लेखणीसाठी न्यायालयाची पायरी चढावी, यात मला काहीही अतिशयोक्त वाटत नाही. हत्यार बदलले की कारागिराचा हात काही काळ परका होतो, आणि त्या परकेपणाची भरपाई कोणत्याही पावतीत लिहिलेली नसते.

एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. आपल्याकडच्या अनेक लहान दुकानांत हे प्रोग्रॅम रीतसर विकत घेतलेले नव्हते. मित्राच्या सीडीवरून उतरवलेले होते. ज्याच्याजवळ सनदच नाही त्याने हक्क कोणत्या तोंडाने सांगावा, हा प्रश्न खरा आहे, आणि येथील शांततेचे एक कारण तेही असावे. पण ज्याने रोख रक्कम मोजून, शिक्क्याची पेटी घेऊन प्रोग्रॅम आणला, त्याच्याही हाती मालकी येत नाही. येतो तो वापराचा परवाना. करारनाम्याच्या भाषेत तो मालक नसून कूळ असतो. २०१३ साली अडोबीने आपले नवे प्रोग्रॅम केवळ वर्गणीवर देण्याचे जाहीर केल्यापासून तर हे नाते मासिक भाड्याचेच झाले आहे. कसणाऱ्याच्या वहिवाटीला कायद्याने मान मिळावा, यासाठी मुंबई प्रांतात १९४८ चा कूळकायदा झाला. ज्याने दोन तपे एका प्रोग्रॅममध्ये आपली बुद्धी आणि मेहनत पेरली, त्याच्या वहिवाटीची नोंद कोणत्याही सातबाऱ्यावर होत नाही. जमिनीची आणि संगणकाची तुलना पूर्णपणे जुळणारी नव्हे, हे मी जाणतो. कंपनीने एखादा प्रोग्रॅम अनंत काळ चालवावा, अशी अपेक्षाही मी करणार नाही. कारखान्यातील माणसांचे पगार कोणालातरी भरावे लागतात. माझे म्हणणे इतकेच, की हत्यार परत घेतले तरी त्याने घडवलेली वस्तू कारागिराच्या ताब्यात राहिली पाहिजे. खिळ्यांच्या काळी ती राहत असे. टाईप ओतणारा कारखाना बुडाला तरी केसमधले खिळे जुळाऱ्याचेच असत आणि झिजेपर्यंत छापत. पेजमेकरची फाईल ही मात्र अशी पेटी आहे, की तिच्यातील ऐवज मामांचा आणि किल्ली दुसऱ्याची.

ज्या गावात हे घडते आहे ते गाव कोल्हापूर आहे, म्हणून हा विचार मला अधिकच लागतो. याच गावात बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेऱ्याची वाट न पाहता, दामल्यांसारख्या सहकाऱ्यांना हाताशी धरून, १९१८ च्या सुमारास चित्रपटाचा कॅमेरा स्वतः बनवला, आणि त्यातून १९२० मध्ये ‘सैरंध्री’ लोकांपुढे आला. आनंदराव पेंटर हे त्यांचे नात्यातले बंधू त्या खटपटीत असतानाच निवर्तले होते. काम तरीही पुरे झाले. त्या कॅमेऱ्याचा एकेक दात आणि चाक त्यांना ठाऊक होते. तो बिघडला तर उघडून दुरुस्त करता येत होता. त्याची आवृत्ती संपल्याचे कोणी दूरदेशाहून जाहीर करू शकत नव्हते.

तसे हात आजही आहेत, मात्र ते विखुरलेले आहेत. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या काही मंडळींनी बंद पडलेल्या प्रोग्रॅमांच्या फाईली उलगडण्याचे व्रत घेतले. कोणताही नकाशा हाती नसताना, फाईलीतील एकेक आकडा तपासून, मजकूर कोठे आहे, चौकट कोठे आहे, याचा त्यांनी माग काढला. त्या परिश्रमांचे फळ म्हणून लिबरऑफिस हा विनामूल्य प्रोग्रॅम आज पेजमेकरच्या आणि फ्रीहँडच्याही फाईली उघडतो. सारे जसेच्या तसे येत नाही. तरी ज्यांनी हे केले त्यांना मराठी येत नव्हती, मंगळवार पेठ ठाऊक नव्हती, आणि त्यांच्यामुळे आमची स्मरणिका वाचू शकते, याबद्दल मला वाटणारी कृतज्ञता येथे लिहून ठेवणे मला अगत्याचे वाटते.

मामांनी त्या दिवशी जुन्या यंत्रातून फाईल नव्या यंत्रात आणली आणि लिबरऑफिसमध्ये उघडली. प्रथम रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे रान दिसले. त्यांनी तो जुना फाँट नव्या यंत्रात बसवला, फाईल पुन्हा उघडली, आणि अध्यक्षांचे मनोगत मराठीत पडद्यावर आले. महिरप डावीकडे सरकली होती, दुसऱ्या स्तंभाचा मजकूर पहिल्यावर चढला होता, आणि देणगीदारांच्या यादीतील आकडे नावांपासून तुटून खाली उतरले होते. जुन्या यंत्राच्या पडद्यावर तेच पान बिनचूक उभे होते. मामांनी खुर्ची दोन्ही पडद्यांच्या मधोमध घेतली, चष्मा पुसला, आणि एका पानाकडे पाहत दुसऱ्यावरच्या ओळी पूर्वीच्या जागी बसवायला प्रारंभ केला.