गोळी कधीच आली, तपासणी मागे राहिली

१८७४ च्या जानेवारीत स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात थिओडोर कोखर या शल्यविशारदाने अकरा वर्षांच्या एका मुलीचा गलगंड काढला. त्या काळी गळ्यावरची शस्त्रक्रिया म्हणजे जिवावरचे काम. रक्तस्रावातून रुग्ण वाचला तरी जखम चिघळून दगावायचा. कोखरचा हात मात्र सावकाश आणि स्वच्छ चालणारा. त्याने थायरॉइड ग्रंथी समूळ काढली, जखम भरून आली, मुलगी घरी गेली. पुढे तिच्या गावच्या डॉक्टरांकडून कळले की मुलगी पार बदलली आहे. काही वर्षांनी कोखरने तिला बोलावून घेतले. पूर्वी ती आणि तिची धाकटी बहीण इतक्या सारख्या दिसत की लोकांचा गोंधळ उडे. आता धाकटी उंच झाली होती, वयात आली होती. थोरली मात्र खुजीच राहिली होती, चेहरा सुजलेला, समज मंदावलेली.

कोखर हादरला. त्याने जुन्या रुग्णांना शोधून शोधून तपासले. ज्यांची ग्रंथी पूर्ण काढली होती त्यांतल्या बहुतेकांची थोडीफार हीच गत झालेली. १८८३ मध्ये जर्मन शल्यविशारदांच्या सभेत त्याने हे सारे उघडपणे मांडले आणि साध्या गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढणे सोडून दिले. १९०९ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, पण मला त्याची १८८३ ची ती सभा अधिक मोठी वाटते. गळ्यातल्या त्या लहानशा ग्रंथीवर मुलाची उंची आणि बुद्धी दोन्ही अवलंबून असतात, हे जगाला तिथून उमगू लागले. लंडनच्या थॉमस कर्लिंगने १८५० मध्येच अशा दोन मुलांची नोंद केली होती, ज्यांच्या शवविच्छेदनात थायरॉइड आढळलीच नव्हती. पण त्या नोंदीचा अर्थ लागायला पुढची तेहेतीस वर्षे जावी लागली.

अर्थ लागल्यावर मात्र उपाय लवकर आला. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथे जॉर्ज मरे याने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क ४६ वर्षांच्या एका स्त्रीला टोचला. ती सुधारली आणि त्यानंतर २८ वर्षे जगली. तेवढ्या काळात ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी तिच्या औषधासाठी लागल्या, असा हिशेब मरेनेच नोंदवून ठेवला आहे. पुढे टोचण्याचीही गरज उरली नाही, अर्क तोंडावाटे देता येऊ लागला. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडॉलने थायरॉक्सिन स्फटिकरूपात वेगळे केले आणि १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार करता आले. म्हणजे जन्मतः थायरॉइड कमी असलेल्या बाळाला जे औषध लागते, ते केव्हापासूनच माणसाच्या हातात आहे. आज त्या गोळीचा दिवसाचा खर्च कपभर चहापेक्षाही कमी आहे.

मग अडले कुठे? अडले वेळेत.

बाळ पोटात असताना आईचे थायरॉक्सिन काही प्रमाणात त्याच्यापर्यंत पोचते. त्यामुळे जन्मतः अशी बहुतेक बाळे चारचौघांसारखीच दिसतात. त्रास हळूहळू वर येतो, आणि आपल्या घरांत तो कौतुकाच्या रूपाने येतो. बाळ फार रडत नाही, रात्रभर झोपते, पाजायलाही उठवावे लागते. आजी म्हणते, किती गुणी आहे हो, जरासुद्धा त्रास नाही! कावीळ लवकर उतरत नाही, तर कोवळ्या उन्हात धरतात. शी चार-चार दिवस होत नाही, तर गुटी उगाळतात. बेंबी फुगते, तर वर नाणे ठेवून पट्टी बांधतात. टाळू मोठी वाटते, तर तेलाने भरतात. रडणे घोगरे येते, जीभ जाड दिसते. यातली एकेक गोष्ट निरोगी बाळातही असू शकते, म्हणून त्या आजीला दोष देण्यात अर्थ नाही. पण या साऱ्यांची मोट बांधून कुणाला शंका येईपर्यंत महिने उलटतात, आणि मेंदूची घडण तेवढे महिने थांबत नाही.

किती महागात पडते हे थांबणे? १९७२ मध्ये अमेरिकेतल्या क्लाइन आणि सहकाऱ्यांनी आकडे मांडले. तीन महिन्यांच्या आत औषध सुरू झालेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ८९, तीन ते सहा महिन्यांत सुरू झालेल्यांचा सुमारे ७०, आणि सहा महिन्यांनंतर सुरू झालेल्यांचा ५४. औषध तेच, आजार तोच, फरक फक्त तारखेचा. उंची उशिरा दिलेल्या गोळीनेही बरीच भरून येते. गेलेली बुद्धी परत येत नाही. या विषयाच्या सगळ्या इतिहासात मला यापेक्षा कठोर आकडे आढळलेले नाहीत.

सुदैवाने वाट तयार होत होती. रॉबर्ट गथ्रीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला टिपकागदावर बाळाच्या टाचेतले रक्ताचे थेंब घेऊन वेगळ्याच एका आजाराची तपासणी सुरू केली होती. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये जाँ द्यूसो याने त्याच वाळलेल्या थेंबातून थायरॉक्सिन मोजून दाखवले आणि १९७४ पासून तिथे नवजात बाळांची सरसकट तपासणी सुरू झाली. काही वर्षांतच अमेरिका, युरोप आणि जपानमध्ये ती रूढ झाली. लक्षणे दिसण्याची वाट पाहणे तिथे संपले.

आपल्याकडे ही गोष्ट कुणाला ठाऊकच नव्हती असे नाही. मुंबईत डॉ. मीना देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकातच हे काम हाती घेतले होते. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात १२,४०७ नवजात बाळांची तपासणी आहे. त्यात दर २,४८१ बाळांमागे एकाला हा आजार आढळला. पुढे २००७ पासून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि हैदराबाद या पाच ठिकाणी एक लाखाहून अधिक बाळे तपासली. तेव्हा प्रमाण निघाले दर १,१३० बाळांमागे एक. देशात वर्षाला दोन कोटींहून अधिक बाळे जन्मतात. या प्रमाणाने पाहिले तर सतरा हजारांहून जास्त बाळे दरवर्षी या गोळीची गरज घेऊन जन्माला येतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘आपण आयोडीनचे मीठ खातो, मग हा आजार कसा होईल?’ असे शिकलेली माणसेही विचारतात. मिठाचे यश खरेच आहे. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ वाटून गलगंड कमी होतो हे दाखवले. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पण ज्या बाळाची ग्रंथी घडलीच नाही, किंवा तिला हार्मोन बनवता येत नाही, त्याला मीठ पुरे पडत नाही. त्याला गोळीच लागते.

धोरणाच्या पातळीवर आपण अर्धे अंतर चाललो. गोव्याने २००८ मध्ये नवजात तपासणीचा प्रकल्प सुरू केला, केरळने पुढे सरकारी रुग्णालयांत ती आणली. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ आपल्याच पालघरमधून झाला. त्या कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात थायरॉइड कमतरता आहे, पण ऐच्छिक म्हणून. ज्या राज्याला वाटेल त्याने करावी. हे मला पटत नाही. ज्या आजाराचे औषध स्वस्त, तपासणी सोपी आणि उशिराची किंमत आयुष्यभराची, तो ऐच्छिक यादीत असूच नये. मोठ्या खासगी रुग्णालयात जन्मलेल्या बाळाची टाच टोचली जाते आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या बाळाची टोचली जात नाही, हा अन्याय आहे. रक्त घेण्याची योग्य वेळ जन्मानंतर ४८ ते ७२ तासांची, आणि आई त्याआधीच घरी जाते, ही अडचण खरी. पण नाळेतल्या रक्तावरही ही तपासणी होते आणि बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय मार्गदर्शक सूचनांनी त्याला मान्यता दिली आहे.

तोवर घरच्यांनीच जागे राहायचे आहे. बाळंतपणाआधीच डॉक्टरांना विचारा की बाळाची टीएसएच तपासणी (थायरॉइड कमी पडली की रक्तात वाढणाऱ्या हार्मोनची) इथे होते का. झाली असेल तर अहवाल हातात घ्या, ‘काही असेल तर कळवू’ यावर सोडू नका. आकडा वाढलेला आला तर बाळ हसते-खेळते आहे म्हणून थांबू नका. शिरेतून रक्त घेऊन खात्री करा आणि औषध पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होईल असे पाहा. गोळी चुरून चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात द्यायची, लोह आणि कॅल्शियमच्या औषधाबरोबर नाही. ती आपल्या मनाने कधीही बंद करू नका. आणि तुमच्या तालुक्याच्या रुग्णालयात ही तपासणी होत नसेल, तर जिल्हा शल्यचिकित्सकांना एक अर्ज लिहा.